डोस काढायच्या टेस्टला रूममेटनं कॉपी केली, मॅडमना सांगू का नको?

तिसरं सेम
मी कोल्हापुरात बीएस्सी नर्सिंगला आहे, तिसरं सेमिस्टर. कॉलेजचं नाव सांगत नाही, कृपया विचारू नका. मागच्या बुधवारी फार्माकॉलॉजीची टेस्ट झाली, २५ मार्काची, त्यात १० मार्काची डोस काढायची गणितं होती. आमच्या दोन बॅच आहेत, एकीची टेस्ट सकाळी, आमची दुपारी आणि पेपर तोच. माझी रूममेट शेजारच्या बाकावर होती, तिनं कॅल्क्युलेटरचं झाकण सरकवलं तेव्हा मला दिसलं, आतल्या बाजूला पेन्सिलनं बारीक अक्षरात नुसती उत्तरं. ०.७ मिली, २१ थेंब, अर्धी गोळी. पायऱ्या नाहीत, काही नाही. काल मार्क लागले, तिला २३, मला १४.

मार्काचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण पुढच्या महिन्यात आमची वॉर्डला पोस्टिंग आहे आणि डोक्यातनं तेच जाईना की हिला हे येत नाही आणि हे फक्त मला माहिती आहे. दुसरी बाजू पण सांगते. ती संध्याकाळी ६ ते १० शाहूपुरीतल्या एका मेडिकलमध्ये काम करते, रूमचं भाडं स्वतः भरते, मला ताप आला होता तेव्हा रात्रभर उशाशी बसली होती. सांगू का नको?

पंचगंगा घाट
नको सांगू. राजारामपुरीत नाहीतर कुठंतरी एका खोलीत दोघी राहताय, एका डब्यात जेवताय, आणि पाठीमागनं जाऊन तिचं नाव घ्यायचं? चार वर्षं त्याच पोरींच्यात काढायचीत तुला. मी इंजिनिअरिंगला असताना आमच्या वर्गातल्या एकाचं नाव असंच कुणीतरी सरांना सांगितलं, त्याचं सेमिस्टर गेलं, घरी एज्युकेशन लोन होतं, वडलांनी तोंड बघणं सोडलं त्याचं. आणि त्याच पेपरला कॉपी केलेले बाकीचे पंधरावीस जण आरामात पास झाले, त्यांच्याशेजारी बघणारा कुणी नव्हता एवढंच. मला ते अजून डाचतंय. चूक कुणाची असेल तर तोच पेपर सकाळ-दुपार देणाऱ्यांची पण आहे, ते कोण विचारणार?

निवृत्त सिस्टर
बाळा, मी ३१ वर्षं वॉर्डात काढली, त्यातली निम्मी नाईट ड्युटी, म्हणून जरा सविस्तर लिहिते. इंजिनिअरिंगचा पेपर आणि हा पेपर एका तागडीत घालू नका. इन्सुलिनचंच घ्या. आपल्याकडं व्हायल (औषधाची छोटी बाटली) बहुतेक ४० युनिटची येते, म्हणजे १ मिलीत ४० युनिट, आणि तिची सिरिंज वेगळी, लाल टोपणाची. १०० युनिटची व्हायल आली तर तिची सिरिंज वेगळी. आता १०० ची व्हायल असताना पोरीनं सवयीनं ४० ची सिरिंज घेतली आणि २० च्या रेघेपर्यंत भरली, तर पेशंटला २० जात नाहीत, ५० जातात. अडीच पट. साखर एकदम उतरते, रात्री तीन वाजता पेशंट घामानं डबडबून बेशुद्ध पडतोय आणि नातेवाईक म्हणतात आत्ता तर बोलत होता. हे गणित पाचवीतलं आहे हो, पण ते हातात बसलेलं लागतं. झाकणाच्या आत बघून बसत नाही. सरळ जा आणि सांग. मैत्री तुटली तर तुटू दे.

फार्मसीवाला
सिस्टरबद्दल आदर आहे पण इथं भीती जरा जास्त घातली जातीय. विद्यार्थिनीला एकटीला कुणी इंजेक्शन द्यायला लावत नाही, वर स्टाफ असतो, हेपरिन (रक्त गोठू न देणारं), इन्सुलिन असली औषधं दोघींनी तपासून द्यायची पद्धत आहे. एका टेस्टच्या १० मार्कावरनं पोरगी पुढं माणूस मारणार असं धरून चालू नका. आणि इंटर्नल २५ चं आहे, विद्यापीठाचा पेपर ७५ चा अजून व्हायचाय, तिथं कळेलच काय येतंय ते.

आणि एक, कुणीतरी पोलीस केसची भीती घालायच्या आत लिहून ठेवतो. २०२४ चा केंद्राचा पेपरफुटीचा कायदा नीट, यूपीएससी, रेल्वे असल्या परीक्षांसाठी आहे, आणि तो पेपर फोडणाऱ्यांवर आहे, परीक्षेला बसलेल्या पोरांवर नाही. कॉलेजच्या टेस्टचा त्याच्याशी संबंध नाही. जे काय होईल ते कॉलेजच्या आत होईल.

निवृत्त सिस्टर
दोघींनी तपासायचं हे बरोबर, पण तपासणारी दुसरी पण अशीच पास झालेली असली तर? दुसरी सही नुसती सही राहते मग. मी असं होताना पाहिलंय, चूक वेळेत लक्षात आली म्हणून निभावलं. आणि ७५ च्या पेपरात गणितं किती येतात? पाठ करून पास होतात पोरी.

गडहिंग्लज स्टँड
मी स्वतः जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलंय आणि मी पहिल्या वर्षी कॉपी केली होती, आज पहिल्यांदा कुठंतरी लिहितोय. दहावीपर्यंत मराठी शाळा, बारावीला कसंबसं, आणि इथं आल्यावर प्रश्नच कळायचा नाही, स्ट्रेंथ काय, व्हॉल्यूम काय, मागितलंय काय. विचारायला लाज वाटायची कारण बाकीच्या पटापट सोडवायच्या. मला कुणी पकडून दिलं असतं तर मी गावाकडं गेले असते आणि वर्षात लग्न झालं असतं. मला वाचवलं ते एका सीनियरनं, रोज जेवण झालं की दोन गणितं घालायची, वहीत नाही, खऱ्या रिकाम्या व्हायलवरचं लेबल वाचायला लावून. दीड महिन्यात आलं मला. तिला मॅडमची नाही, अशा माणसाची गरज आहे. तुला १४ मिळालेत ना, म्हणजे तुला पण गरज आहे, दोघी मिळून बसा.

मास्तर, राधानगरी
वर सगळे सांगायचं का नाही यावर भांडताय. मी २२ वर्षं शिकवतोय म्हणून शिक्षकाच्या बाजूनं सांगतो. ज्या वर्गात सगळ्यांना २३-२४ पडतात तिथं शिक्षक पुढचा धडा घेतो. त्याला वाटतं पोरांना आलंय. कॉपीनं माझी पहिली फसवणूक होते ती ही, आणि मग ज्याला येत नाही त्याला मी परत शिकवतच नाही. त्या मॅडमना आज वाटत असणार की बॅच तयार आहे, पाठवा वॉर्डला.

म्हणून मॅडमपर्यंत हे जायलाच पाहिजे असं माझं मत आहे, पण आधी तिच्याशी बोल. धमकी देऊ नको, "आपण दोघी जाऊ" असं म्हण. स्वतःहून आलेल्या पोराला आणि पकडलेल्या पोराला कुठलाच शिक्षक एका मापानं मोजत नाही.

पंचगंगा घाट
मास्तर, तुम्ही मोजत नसाल. सगळे तुमच्यासारखे नसतात. ती गेली आणि मॅडमनी थेट प्राचार्यांकडं नेलं तर?

मास्तर, राधानगरी
होऊ शकतं. ती जोखीम आहे, नाही म्हणत नाही. पण मग ही पोरगी रोज रात्री शेजारच्या कॉटवर काय विचार करत झोपणार ते पण धरा हिशोबात.

तिसरं सेम
सगळ्यांचं दोनदा वाचलं. काल रविवार होता, तिला सुट्टी होती म्हणून रंकाळ्यावर गेलो दोघी. कट्ट्यावर बसल्यावर मी सरळ सांगून टाकलं की मला झाकण दिसलं. आधी लई चिडली. "तू सांगणारैस व्हय मॅडमना? मी वॉर्डला नीट करतो की, तिथं कोण गणितं घालतंय?" मग मी काहीच बोलले नाही, भेळेच्या कागदाच्या मागं टेस्टमधलंच गणित लिहून दिलं. हेपरिन १ मिलीत ५००० युनिट, पेशंटला ३५०० द्यायचंय, किती मिली भरणार. तिनं बराच वेळ लावला आणि लिहिलं ७ मिली. मी म्हटलं अगं व्हायलमध्येच सगळं मिळून ५ मिली असतंय, सात कुठनं आणणार? ती कागदाकडं बघत बसली. टेस्टमध्ये तिनं बरोब्बर ०.७ लिहिलं होतं.

रडली मग. म्हणाली मेडिकलमधनं दहाला येतो, अकराला जेवतो, पुस्तक उघडलं की डोळं मिटतंय. मला पण रडू आलं. गडहिंग्लज स्टँड, तुमचा मेसेज मी तिला वाचून दाखवला, तिनं दोनदा वाचायला लावला.

आज रात्रीपासनं दोन दोन गणितं करायची असं ठरलंय, मेडिकलमधनं रिकामी खोकी आणणार आहे ती, लेबल वाचायला. पण पोस्टिंग महिन्यावर आलीय आणि मॅडमना वाटतंय आमच्या बॅचला येतंय. म्हणून मी तिला सांगितलंय, गुरुवारी साडेदहाला मॅडमच्या केबिनला जायचं. पेपर दोन्ही बॅचला एकच होता हे पण मी सांगणार. ती अजून हो म्हणाली नाही. आली तर दोघी जाऊ, नाही आली तर मी तिला सांगून एकटी जाणार.