मदत हवी आहे: लाइट गेली, किल्न थांबली, शेलचं 'केळं' झालं

चंद्रपूरकडच्या एका सिमेंट प्लांटमध्ये मेकॅनिकलला आहे. किल्न, म्हणजे सिमेंटची आडवी फिरती भट्टी, तीन टायरची (शेल म्हणजे पोलादी नळकांडं, त्याला रोलरवर पेलणारी कडी म्हणजे टायर), ६० मीटरच्या आसपास. काल रात्रपाळीत लाइट गेली. बॅरिंगच्या (मेन मोटर बंद असताना किल्न हळूहळू फिरवायच्या) डिझेल इंजिनाला सेल्फ मारला तर नुसतं 'टक्' करून गप्प. बॅटरी बसलेली. लोडरची बॅटरी काढून आणेपर्यंत ४० मिनिटं किल्न जागच्या जागी. आत गरम मालाचा लोड तसाच, बाहेर धो धो पाऊस. शेलच्या पाठीवरून वाफा निघताना बघून पोटात गोळा आला.

फिरायला लागल्यापासून दर फेऱ्याला एकदा मधला टायर रोलरवरून उचलतोय. टॉर्च मारला की फटीतून पलीकडचा उजेड दिसतो. १० तास बॅरिंग झालं, फट कमी झाली पण गेलेली नाही. प्रॉडक्शनवाले उद्या लाइट-अप (भट्टी पुन्हा पेटवणं) म्हणून मागे लागलेत. करावं का? आणि आमच्या चार्टवर पहिला तास दर ५ मिनिटांनी पाव फेरा, मग १५, मग ३० असं आहे. पावसातही हेच पाळायचं?

प्रतिसाद

लाइट-अपचं नाव काढू नका. वाकलेल्या शेलवर मेन ड्राइव्ह (मुख्य मोटर) घेतलात तर आतल्या विटा ढिल्या होतील, गर्थ गिअर आणि पिनियन या किल्न फिरवणाऱ्या दातेरी चाकांचं मेशिंग बिघडेल ते वेगळंच.

झालंय काय, तर खालची बाजू गरम मालावर बसून तापलेली राहिली आणि वरची पावसाने गार झाली. पोलाद १०० अंशांच्या फरकाला मीटरमागे १.२ मिलिमीटर वाढतं. म्हणजे १० मीटरच्या पट्ट्यात एक बाजू १२ मिलिमीटर लांब. शेल वाकणारच.

टायर उचलतो तेव्हा जी बाजू वर असते तिथे खडूने खूण करा. ती वर ठेवून किल्न थोडा वेळ थांबवा. वजन फुगवटा खाली दाबतं, गरम माल समोरच्या बाजूला येऊन ती ताणतो. मी ५-७ मिनिटांवर जात नाही. मग फेरा, पुन्हा मोजणी. विसरलात तर उलट्या दिशेचं केळं मिळेल! आत माल गार झाला असेल तर मात्र याचा फारसा उपयोग नाही.

पावसात चार्ट गुंडाळून ठेवायचा. शेल गरम आहे तोवर बॅरिंग सलग. शेल कूलिंग फॅन चालू राहिले नाहीत ना, तेही बघा. आणि बॅटरी आठवड्याला तपासत नव्हता का?

धागाकर्ता

धन्यवाद सर. तीनदा थांबवून पाहिली. आता टॉर्चचा उजेड दिसत नाही, फीलर गेजची (फट मोजायची) पातळ पाती मात्र अजून जाते. लाइट-अप पुढे ढकललं, मॅनेजरसाहेबांची बोलणी खाल्ली.

बॅटरीचं विचारलंत. लॉगबुकात दर सोमवारी 'तपासली, ओके' अशी सही आहे. शेवटच्या दोन माझ्याच.