साडेनऊचा पियानो

ए-२०३: ३०४ मधून रोज रात्री साडेनऊला जे वाजतं, ते बेसूर आहे की मुद्दाम? सा आणि कोमल रे एकदम दाबल्यासारखं. चार दिवस तेच चाललंय.

ए-३०४: सॉरी काका 🙏 लेकीची पियानोची परीक्षा आहे. आणि ते मुद्दामच आहे. संगीतकार बार्टोकचं 'मिक्रोकॉसमॉस', पियानो शिकणाऱ्यांसाठीच्या छोट्या रचना.

ए-१०२: हंगेरीचा बार्टोक ना? खेडोपाडी फिरून शेतकरी बायकांसमोर फोनोग्राफचा कर्णा धरायचा, तो?

बी-४०१: तोच काकू. तो आणि त्याचा संगीतकार मित्र कोदाय. मेणाच्या नळ्यांवर गाणी उतरवून आणायचे. पण त्याच्या घरची कथा जास्त रंगतदार आहे.

सी-१०४: सांगा की, नाहीतरी कोणी झोपत नाहीये 😄

बी-४०१: आधी स्टेफी गायर या व्हायोलिनवादक मुलीवर जीव जडला. तिच्यासाठी अख्खा व्हायोलिन कंचेर्टो (एकल वादक आणि वाद्यवृंदाची मोठी रचना) लिहिला. १९०८ मध्ये तिनं संबंध तोडले, हस्तलिखित मात्र जपून ठेवलं. ते पहिल्यांदा वाजलं १९५८ ला. तोवर दोघंही गेलेले. दरम्यान १९०९ मध्ये यानं मार्ता झीग्लरशी लग्न केलं. ती त्याची विद्यार्थिनी. ती १६, हा २८.

ए-१०२: सोळा??

ए-२०३: आमच्या आजीचं तेराव्या वर्षी झालं होतं.

ए-१०२: म्हणून ते बरं होत नाही भाऊ.

बी-४०१: मार्ता त्याच्या रचना सुवाच्य उतरवून द्यायची. १९११ मध्ये त्यानं एकुलता एक ऑपेरा लिहिला आणि तिला अर्पण केला. कथा काय, तर नवी नवरी नवऱ्याच्या वाड्यातली सात बंद दारं एकेक करून उघडायला लावते. सातव्यामागे आधीच्या बायका! बायकोला भेट म्हणून हेच सुचलं याला.

ए-३०४: १९२३ ला घटस्फोट, आणि त्याच वर्षी दुसरं लग्न. दित्ता पास्तोरी. हीसुद्धा विद्यार्थिनी. ती १९, हा ४२.

ए-१०२: नवऱ्याची वर्षं चौदा वाढली, बायकोची तीन. छान.

ए-३०४: काकू 😂 पण दित्ता पक्की पियानोवादक होती हं. १९३८ ला बाझेलमध्ये दोघांनी दोन पियानोंवर शेजारी बसून त्याचा नवा सोनाटा वाजवला. मुलगा पेटर १९२४ चा. मिक्रोकॉसमॉसचे पहिले दोन भाग त्याच्या नावे आहेत. लेक वाजवते ते दुसऱ्यातलंच.

ए-२०३: म्हणजे त्याच्या घरीही हेच ऐकू यायचं. शेजाऱ्यांचं काय झालं?

बी-४०१: शेजारी सुटले, १९४० ला नवरा-बायको अमेरिकेला गेले 😄 तिथे ल्युकेमियानं गाठलं. शेवटी तो तिसरा पियानो कंचेर्टो लिहीत होता, दित्तासाठी, ३१ ऑक्टोबरच्या तिच्या वाढदिवसाला द्यायचा म्हणून, गुपचूप. १९४५ च्या २६ सप्टेंबरला गेला. शेवटच्या १७ तालखंडांचं (बारचं) वाद्यवृंदासाठीचं लेखन राहिलं होतं, ते मित्रानं पुरं केलं. दित्ता पुढे बुडापेस्टला परतली, १९८२ पर्यंत होती.

ए-१०२: पाच आठवड्यांनी हुकलं गं बाई.

ए-२०३: ते वाढदिवसाचं पाठवा कोणीतरी. तेही असंच टोचतं का?

ए-३०४: नाही काका, मधला संथ भाग ऐका. आणि उद्यापासून लेक साडेसातला बसेल.

ए-२०३: साडेसातला बातम्या असतात. साडेआठ चालेल.