विषय: बायोइन्फॉरमॅटिक्स घरबसल्या शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी,

मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी केलं त्याला बारा वर्षं झाली, मधे मुलं आणि घर यात सगळं सुटलं, आता परत काहीतरी सुरू करायचंय आणि जो तो म्हणतो बायोइन्फॉरमॅटिक्स (जीवशास्त्राचा डेटा कॉम्प्युटरवर तपासणं) कर, ऑनलाइन शिकता येतं. बघायला गेले तर कोर्सेसचा नुसता पूर. दोन सुरू केले, दोन्ही तिसऱ्या आठवड्यात सुटले. व्हिडिओ बघताना सगळं कळतं आणि स्वतः करायला बसलं की पाटी कोरी! कोडिंग शून्य. सरळ मशीन लर्निंगचाच कोर्स घेतला तर चालेल का, सगळीकडे तेच ऐकू येतं म्हणून विचारते. मेल लांबला, सॉरी.

----

उत्तर:

ताई, मशीन लर्निंग सध्या बाजूला ठेवा. मी कॉम्प्युटरकडून या लायनीत आलो, मला कोडॉन (तीन अक्षरांचा गट, त्यावरून एक अमिनो ॲसिड ठरतं) म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागली, तुमच्याकडे ते सगळं आधीच आहे. तुम्हाला हवाय तो हाताला सराव, तो व्हिडिओ बघून येत नाही.

असं करा, एनसीबीआय या अमेरिकी सरकारी जीन डेटाबेसच्या साइटवर जाऊन एनसी अंडरस्कोर ०४५५१२ शोधा (एनसी इंग्रजीत टाका अर्थात). कोविडच्या व्हायरसचा रेफरन्स जीनोम (सगळा जनुकीय मजकूर) आहे, फास्टा फाइल (हा मजकूर अक्षरांत लिहिलेली साधी टेक्स्ट फाइल) डाउनलोड करा आणि पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत त्यातली ए, सी, जी, टी ही अक्षरं मोजा. बस, एवढंच. एकूण २९,९०३ यायला हवीत. माणसाच्या जीनोममध्ये तीनशे कोटींच्या वर आहेत, त्याच्या नादी आत्ता लागू नका, लॅपटॉप रडेल.

पायथन अजिबात येत नसेल तर रोझालिंड नावाची फुकट साइट आहे, रोझालिंड फ्रँकलिनच्या नावावरून. तिथे लेक्चर नाही, नुसती गणितं. डेटा डाउनलोड केला की पाच मिनिटांत उत्तर द्यायचं, चुकलं तर चुकलं. पायथन व्हिलेजपासून सुरू करा.

----

उत्तर:

दादांशी अर्धी सहमत. कोड येईपर्यंत बाकी सगळं थांबवून ठेवायची गरज नाही. गॅलेक्सी बघा, असाच डेटा तपासायची साइट, ब्राउझरमध्येच चालतं, फुकट आहे, कोड लिहावा लागत नाही आणि त्यांची ट्रेनिंगची पानं चांगली आहेत. फक्त बटणं दाबून रिझल्ट येतो आणि आत काय झालं ते कळत नाही, ही त्यातली मेख. ब्लास्टचंच घ्या (आपला सिक्वेन्स डेटाबेसमधल्या सिक्वेन्सशी जुळवून बघायचं टूल), सगळे शिकवतात ई-व्हॅल्यू (असे मॅच निव्वळ योगायोगाने किती मिळतील तो आकडा) लहान तेवढं चांगलं, पण तोच मॅच मोठ्या डेटाबेसमध्ये शोधला तर ई-व्हॅल्यू वाढते हे कोणी सांगत नाही, आणि मग लोक दोन वेगळ्या सर्चचे आकडे शेजारी ठेवून तुलना करत बसतात.

आणि हात जोडून सांगते, जीन्सची यादी एक्सेलमध्ये उघडू नका. मार्च१ आणि सेप्ट२ नावाच्या जीन्सच्या त्याने तारखा करून टाकल्या, इतक्या पेपरमध्ये घोळ झाला की शेवटी २०२० मध्ये जीन्सचीच नावं बदलली, मार्चएफ१ आणि सेप्टिन२. तेव्हा एक्सेल बदललं नाही, माणसाच्या जीन्सची नावं बदलली :-)

----

उत्तर:

दादा, ताई, दोघांचे आभार. तीन संध्याकाळी गेल्या पण फाइल वाचली. पहिली ओळ (ती > वाली) काढली, लांबी मोजली तर २९,९०३ च्या ऐवजी ३०,३०० च्या वर येतेय! चारशेच्यावर अक्षरं जास्तीची कुठून आली? फाइल परत डाउनलोड केली, तेच.

आणि दुसरं, हा आरएनए व्हायरस ना? आरएनएत टी च्या जागी यू असतो, मग फाइलमध्ये यू पाहिजे, सगळीकडे टी कसा?

----

उत्तर:

हाहा, हे माझंही झालं होतं. फाइलमध्ये एका ओळीत ७० अक्षरं असतात, म्हणजे ४२८ ओळी, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर असतं, एंटरचं. पायथन तेही मोजतं. प्रत्येक ओळीवर स्ट्रिप (ते अक्षर काढून टाकणारी पायथनची सोय) लावा. मग ए ८,९५४, सी ५,४९२, जी ५,८६३, टी ९,५९४ आले तर बरोबर.

टी चं म्हणाल तर डेटाबेसमध्ये आरएनए असला तरी टी च लिहायचा रिवाज आहे. शिवाय बहुतेक वेळा आरएनएचा आधी सीडीएनए (त्याची डीएनए प्रत) करून मग सिक्वेन्सिंग (अक्षरं वाचणं) होतं, त्यामुळे मशीनला टी च दिसतो. प्रश्न एकदम योग्य, मला तर तो सुचलाही नसता.

आता पुढचं. २१,५६३ ते २५,३८४ हा तुकडा कापा, तो स्पाइकचा (व्हायरसवरच्या काट्यांच्या प्रोटीनचा) जीन. ३,८२२ अक्षरं, भागिले तीन म्हणजे १,२७४ कोडॉन, शेवटचा स्टॉप (इथे थांबा सांगणारा), राहिली १,२७३ अमिनो ॲसिड्स. कोडॉनचा तक्ता तुम्हाला पाठच असेल. एकच सांगतो, बायोलॉजीवाले एकपासून मोजतात आणि पायथन शून्यापासून.

----

उत्तर:

दादा, ते शेवटचं वाक्य मी वाचलं आणि तरीही २१,५६३ च टाकलं. पहिल्यांदा अमिनो ॲसिड्सची अक्षरं सी एल एफ एफ अशी काहीतरी आली आणि थोडं पुढे गेल्यावर मधेच स्टॉप. अख्खी दुपार मी तक्ताच तपासत बसले, म्हटलं बारा वर्षांत विसरले की काय. रात्री भांडी घासताना डोक्यात आलं, एक अक्षर सरकलं की पुढचे सगळे कोडॉन चुकतात, फ्रेमशिफ्ट, हे तर आम्ही परीक्षेत लिहायचो! २१,५६२ केलं आणि आलं: एम एफ व्ही एफ एल व्ही एल एल... मोजून १,२७३.

रोझालिंडवर पण पहिलं गणित सुटलं. दुसरं उघडलं तर काय, टी च्या जागी यू घाला.