अॅबरफेल्डी आणि शिहॅलियन: एका दिवसात नको
काही जण सुचवतात की स्कॉटलंडमधल्या अॅबरफेल्डी गावचे धबधबे, जवळच्या फॉर्टिंगल गावातला प्राचीन यू वृक्ष (एक सदाहरित झाड) आणि शिहॅलियन डोंगर एका दिवसात उरकावं. पहिली दोन ठिकाणं आरामात होतात. शिहॅलियनला (१०८३ मी.) मात्र वेगळा दिवस ठेवा.

डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या ब्रेज ऑफ फॉसच्या वाहनतळापासून जाऊन-येऊन साधारण १० किमी आणि ५-६ तास धरा. खालची वाट छान बांधलेली आहे, त्यामुळे लोक गाफील राहतात. खरा त्रास वरच्या टप्प्यात: क्वार्ट्झाइट या कठीण खडकाचे सुटे धोंडे, ओले झाले की साबणासारखे. घोटा धरणारे बूट हवेतच. समोर दिसतो तो माथा नसतो, पुढे आणखी चढ निघतो. धुक्यात धोंड्यांवर वाट हरवते आणि परतताना लोक भलत्या धारेने उतरतात; नकाशा-होकायंत्र घ्या, मोबाइलच्या भरवशावर राहू नका.

१७७४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ मास्केलाइनने याच डोंगराच्या गुरुत्वाकर्षणाच्या ओढीने ओळंबा किती कलतो ते मोजलं आणि त्यावरून पृथ्वीची घनता काढता आली. डोंगर सुटा आणि सुबक आकाराचा, म्हणून निवडला.

फॉर्टिंगलचा यू चर्चच्या आवारात, दगडी भिंतीआड आहे. एकच अखंड बुंधा शोधू नका. मधला भाग कधीच कुजून गेला, आता वेगवेगळी खोडं दिसतात. अर्धा तास पुरतो.

अॅबरफेल्डीतला १७३३ चा, जनरल वेड या ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने बांधवलेला पूल अरुंद आहे, गाड्या सिग्नलवर आळीपाळीने सोडतात. फोटो नदीकाठावरून घ्या. गावात रेल्वे नाही. पिटलॉक्री स्टेशनवर उतरून पुढे बस किंवा टॅक्सी.