व्हिजिटिंग कार्ड: कागदी ठेवावं की एनएफसी घ्यावं?

प्रश्न
ऑफिसात १२ जण आहेत. दरवर्षी प्रत्येकी १००० कार्डं छापली जातात: ३५० जीएसएम (दर चौरस मीटरला ३५० ग्रॅम) आर्ट कार्ड, दोन्ही बाजूंनी मॅट लॅमिनेशन. हुद्दा किंवा नंबर बदलला की उरलेला गठ्ठा वाया जातो. त्याऐवजी सगळ्यांना पीव्हीसीचं एनएफसी कार्ड (आत चिप असलेलं, फोन टेकवला की त्यावर माहिती उघडणारं) दिलं, तर पर्यावरणाच्या दृष्टीने खरंच फरक पडेल का?

छपाईवाला
आधी वजन बघा. साडेतीन बाय दोन इंचाचं ३५० जीएसएम कार्ड साधारण १.६ ग्रॅमचं. १२,००० कार्डांचा कागद झाला १९ किलो, कात्रण वेगळी. पण कागदापेक्षा लॅमिनेशन जास्त नडतं. २५ मायक्रॉनची फिल्म दोन्ही बाजूंना धरली, तर तेवढ्याच कार्डांवर जवळपास अडीच किलो प्लॅस्टिक चढतं. कागद गिरणीत लगदा करताना अशा कार्डात पाणी फक्त कडांनी शिरतं. फिल्मचे तुकडे चाळणीत अडकतात आणि त्यांना चिकटलेला चांगला कागदही कचऱ्यात जातो. कार्डाचा कोपरा फाडून बघा. कागद तुटतो, फिल्म मात्र ताणली जाऊन पांढरट जिभेसारखी बाहेर लोंबते. असं कार्ड रद्दीत घालू नका.

तेव्हा पहिलं काम म्हणजे लॅमिनेशन बंद. ३०० जीएसएमचा अनकोटेड (वर लेप नसलेला) कागद घ्या आणि डिजिटलवर प्रत्येकी १०० च छापा. हजाराचा आकडा ऑफसेटच्या प्लेट आणि सेटिंगच्या खर्चामुळे पडलाय. कमी नगांत दर कार्डामागे जास्त पडतो हे खरं, पण न वाटलेली कार्डं त्याहून महाग. गडद सलग रंग मात्र टाळा, लॅमिनेशन नसलं की कडा लवकर पांढऱ्या पडतात.

छपाईवाला: टॅग आणि कोड
एनएफसी कार्ड साधारण ५ ग्रॅमचं, म्हणजे १२ जणांचं मिळून ६० ग्रॅम. १९ किलोसमोर हे काहीच नाही, पण ते वर्षानुवर्षं चाललं तरच. पीव्हीसीच्या थरांमध्ये चिप आणि अँटेना दाबलेली असते, ती भंगारात कुणी वेगळी करत नाही. विक्रेत्याच्या अ‍ॅपला बांधलेलं कार्ड अजिबात घेऊ नका, वर्गणी संपली की ते मेलं. अशा कार्डांत सहसा असणाऱ्या एनटॅग २१३ चिपमध्ये जेमतेम १४४ बाइट जागा असते, म्हणून त्यात स्वतःच्या वेबसाइटची लिंक लिहा. नंबर बदलला तर पान बदला, कार्ड तेच राहील.

खरं तर १२ कार्डांचीही गरज नाही. क्यूआर कोड फोनच्या लॉक स्क्रीनवर ठेवला तर नवीन वस्तू बनवावीच लागत नाही. तोच कोड छापील कार्डावर टाकताना एक चूक हमखास होते: नाव-पत्ता सगळा देवनागरीत कोडमध्येच भरतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रासुद्धा. २०० बाइटला कोड साधारण ५७ बाय ५७ घरांचा (काळ्या-पांढऱ्या छोट्या चौकोनांचा) होतो. २० मिलिमीटरच्या चौकोनात एक घर ०.३५ मिलिमीटरचं, अनकोटेड कागदावर शाई पसरली की स्कॅन होत नाही. २६ अक्षरांच्या आतली इंग्रजी लिंक २५ बाय २५ मध्ये बसते, घर ०.८ मिलिमीटरचं.

प्रश्नकर्ता
हातकागद चालेल का? आणि जुन्या गठ्ठ्याचं काय?

छपाईवाला
चालेल. पुण्यातली हातकागद संस्था १९४० पासूनची. सुती चिंध्यांच्या लगद्याला झाड तोडावं लागत नाही. पण पृष्ठभाग खडबडीत, डिजिटल छपाईचा टोनर (पूड-शाई) उंचवट्यांवरून खरवडला जातो. स्क्रीन प्रिंटिंग करा, अक्षर ८ पॉइंटच्या खाली नको.

जुन्या कार्डांवर नव्या नंबराचं छोटं कागदी लेबल लावून आधी ती संपवा. नवीन ऑर्डर त्यानंतर.