जुन्या नेटबुकवर पेनड्राइव्हवरून लिनक्स बसत नाही : फक्त लुकलुकणारा कर्सर

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे इंटेल अ‍ॅटम एन२७० प्रोसेसर, १ जीबी रॅम आणि १६० जीबीची हार्ड डिस्क असलेला दहा इंची नेटबुक आहे. त्यावर अजूनही विंडोज एक्सपी आहे. यंत्राची बॅटरी आणि कीबोर्ड उत्तम स्थितीत असल्यामुळे केवळ लेखन आणि वाचन यासाठी त्यावर एखादे हलके लिनक्स बसवावे, असा विचार आहे. सीडी ड्राइव्ह नसल्याने पेनड्राइव्हवाचून दुसरा मार्ग नाही.

लुबुंटू या लिनक्सची सध्याची आयएसओ फाइल (संपूर्ण डिस्कची एकाच फाइलीत बांधलेली प्रत) उतरवून घेतली, पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केला आणि आयएसओ उघडून तिच्यातील सर्व फाइली त्यावर कॉपी केल्या. हा पेनड्राइव्ह नव्या लॅपटॉपला लावला की लिनक्स व्यवस्थित सुरू होते. नेटबुकला लावल्यावर मात्र काळ्या पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात कर्सर लुकलुकत राहतो आणि पुढे काहीच घडत नाही. कधी कधी तर पेनड्राइव्हकडे दुर्लक्ष होऊन सरळ एक्सपीच सुरू होते. लॅपटॉपवर चालतो म्हणजे पेनड्राइव्ह ठीक आहे, तेव्हा दोष नेटबुकच्या यूएसबी पोर्टमध्ये असावा, असे मला वाटते. पोर्ट दुरुस्त करून घेण्यापूर्वी आणखी काही तपासून पाहावे काय?

पहिला प्रतिसाद

पोर्टला हात लावू नका. एक्सपी चालू असताना त्याच पोर्टमधून फाइली कॉपी होत असतील, तर पोर्ट निर्दोष आहे.

तुमचा पेनड्राइव्ह लॅपटॉपवर चालतो, यावरून तो नेटबुकवर चालेलच असे म्हणता येत नाही, कारण दोन्ही यंत्रे त्यावर वेगवेगळ्या गोष्टी शोधतात. नव्या लॅपटॉपमध्ये यंत्र सुरू करणारा यूईएफआय हा नव्या पद्धतीचा प्रोग्राम असतो. त्याला फॅट विभागातील (पार्टिशनमधील) ईएफआय नावाच्या फोल्डरात ठरावीक नावाची फाइल मिळाली की पुरते, आणि म्हणूनच नुसत्या कॉपी केलेल्या फाइलींवरही त्याचे काम भागते. तुमच्या नेटबुकमध्ये तेच काम करणारे जुने बायोस आहे आणि त्याला फाइल किंवा फोल्डर म्हणजे काय हे कळतच नाही. ते पेनड्राइव्हचा अगदी पहिला ५१२ बाइटांचा सेक्टर वाचते, त्याच्या शेवटी ठरलेली खूण आहे का ते पाहते आणि असल्यास त्या सेक्टरमधला कोड डोळे झाकून चालवते. फाइली कॉपी करताना हा सेक्टर लिहिला जात नाही. तिथे फॉरमॅट करतानाचे जे काही असेल तेच राहते. लुकलुकणारा कर्सर याचा अर्थ बहुतेक वेळा हाच असतो, की बायोसने ताबा दिला, पण घेणाऱ्याकडे पुढे करण्यासारखे काही नव्हते.

तेव्हा आयएसओ कॉपी न करता लिहावी लागेल. विंडोजवर पेनड्राइव्हवर आयएसओ लिहिणारे रुफस वापरत असाल, तर ते दोनपैकी कोणत्या पद्धतीने लिहायचे असे विचारते; तिथे आयएसओ जशीच्या तशी उतरवणारा डीडी इमेज हा पर्याय निवडा. लिनक्सवर डीडी कमांडने लिहिताना लक्ष्य म्हणून संपूर्ण पेनड्राइव्हचे नाव द्या, त्यावरील पहिल्या विभागाचे नव्हे. नावाच्या शेवटी १ हा आकडा राहिला तर सगळे व्यवस्थित लिहिले गेल्यासारखे दिसते आणि बूट मात्र होत नाही. दोन्ही मार्गांनी पेनड्राइव्हवरील आधीचे सर्व काही पुसले जाते, हे अर्थातच ध्यानात असू द्या.

मधूनच एक्सपी सुरू होते, त्याचे कारण बायोसच्या मांडणीत सापडेल. त्या काळातील अनेक बायोसांमध्ये पेनड्राइव्ह हा काढता येण्याजोग्या उपकरणांच्या यादीत दिसत नाही; तो हार्ड डिस्कांच्या उपयादीत, आतल्या डिस्कच्या खाली दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसतो. त्या उपयादीत जाऊन त्याला आधी वर आणावे लागते, त्यानंतरच बूटच्या मुख्य क्रमात त्याचे नाव येते. यंत्र सुरू करण्यापूर्वीच पेनड्राइव्ह लावलेला नसेल, तर तो या यादीत मुळीच येत नाही. हबमधून न लावता थेट लावावा. जलद बूटची सोय चालू असेल तर ती तूर्त बंद करावी, कारण तिच्यामुळे काही नेटबुक यूएसबीची तपासणीच गाळतात.

दुसरा प्रतिसाद

वरील सर्व योग्य आहे, परंतु एवढे करूनही लुबुंटू त्या यंत्रावर चालणार नाही. एन२७० हा २००८ सालचा प्रोसेसर केवळ ३२-बिट आहे आणि लुबुंटूने २०१९ पासून ३२-बिट आवृत्ती काढणे बंद केले आहे. पेनड्राइव्ह बिनचूक लिहिला तरी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सुरू होताना अडेल. काही बूटलोडरांत (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामांत) ‘या कर्नलला ६४-बिट प्रोसेसर हवा’ अशा अर्थाचा स्पष्ट संदेश येतो, तर काहींत काहीही न सांगता पडदा काळाच राहतो. म्हणजे एका दोषामागे दुसरा दोष लपलेला आहे आणि दोन्हींचे बाह्य रूप जवळजवळ सारखेच आहे. पहिला दूर केल्यावरही पडदा काळा दिसला, तर आधीचा उपायच चुकला असे समजून माणूस पुन्हा पेनड्राइव्ह लिहीत बसतो.

डेबियन १२ या लिनक्सची ३२-बिट, नेटवर्कवरून बसणारी छोटी आयएसओ घ्यावी, असे मी सुचवीन. २०२३ साली आलेल्या या आवृत्तीपासून वायफायसाठी लागणारे मुक्त नसलेले फर्मवेअरही (उपकरणात भरावा लागणारा प्रोग्राम) अधिकृत आयएसओमध्येच मिळते; पूर्वी ते वेगळे शोधावे लागे. २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ साठी ३२-बिट इन्स्टॉलर दिलेला नाही, म्हणून सर्वांत नवी आवृत्ती घेण्याच्या मोहात पडू नका. डेबियनवरच आधारलेले अँटीएक्स हाही चांगला पर्याय आहे, आणि १ जीबी रॅममध्ये ते अधिक सुटसुटीत वाटते. फाइल उतरवल्यानंतर तिचा एसएचए-२५६ चेकसम (फाइल तंतोतंत उतरली का हे दाखवणारी संख्या) जरूर पडताळावा. एक्सपीत नव्हे, पण नव्या विंडोजमध्ये सर्टयूटिल ही कमांड त्यासाठी आधीपासूनच असते.

इतर नेटबुकधारक हे वाचत असतील, तर त्यांनी प्रोसेसरचे नाव आधी पाहावे. २०१० चा एन४५० हा ६४-बिट आहे. त्यानंतरच्या झेड३७३५एफ या प्रोसेसरची तऱ्हा तर उलटीच आहे. तो स्वतः ६४-बिट, पण अनेक यंत्रांत त्याच्यासोबतचे यूईएफआय ३२-बिट असते. त्यामुळे पेनड्राइव्हवर ३२-बिट ईएफआय बूट फाइल नसेल तर ६४-बिट लिनक्सही तिथे सुरू होत नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. डेबियन १२ ची ३२-बिट आयएसओ रुफसमधून डीडी पद्धतीने लिहिली. बायोसमध्ये पेनड्राइव्ह खरोखरच हार्ड डिस्कांच्या उपयादीत होता. त्याला वर आणताच डेबियनचा मेनू आला. नेटबुकचा पडदा १०२४ बाय ६०० एवढाच असल्याने सुरक्षित मार्ग म्हणून ग्राफिकल इन्स्टॉलर टाळून मजकुराचा इन्स्टॉलर घेतला. डेस्कटॉप निवडण्याच्या यादीत नोमची खूण काढून एलएक्सडीई निवडले. संपूर्ण हार्ड डिस्क पुसून एकाच विभागात सर्व बसवले.

शेवटच्या टप्प्यावर मात्र काम अडले. ग्रब बूटलोडर कोठे बसवायचा, असे विचारल्यावर मी एसडीए हे नाव निवडले, कारण आतली डिस्क म्हणजे एसडीए असेच सर्वत्र वाचले होते. त्यावर लाल पडदा आला : एसडीएवर ग्रब बसवता आला नाही, ही गंभीर त्रुटी आहे. मी यंत्र बंद केले. आता पेनड्राइव्ह काढून सुरू केल्यास ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही असा संदेश येतो. सर्व इन्स्टॉलेशन पहिल्यापासून करावे लागेल काय?

तिसरा प्रतिसाद

नाही. तुमची प्रणाली डिस्कवर पूर्ण उतरली आहे, फक्त तिला हाक मारणारा ग्रब तेवढा राहिला आहे.

तुम्ही बायोसमध्ये पेनड्राइव्हला पहिली हार्ड डिस्क केलेत. बहुधा लिनक्सनेही त्यालाच एसडीए म्हटले असावे आणि आतली डिस्क एसडीबी झाली असावी. ही नावे उपकरणे ज्या क्रमाने सापडतात त्यानुसार पडतात, ती कोणाच्या मालकीची नसतात. ग्रबला तुम्ही पेनड्राइव्हवर बसायला सांगितलेत. डीडी पद्धतीने लिहिलेल्या पेनड्राइव्हवर आयएसओची रचना अगदी पहिल्या सेक्टरपासून पसरलेली असते, ग्रबसाठी तिथे मोकळी जागा नसते, आणि म्हणून त्याने नकार दिला. एका परीने हे बरेच झाले, कारण तो निमूटपणे पेनड्राइव्हवर बसला असता, तर पेनड्राइव्ह लावल्याशिवाय नेटबुक सुरू होत नाही असे दिसले असते आणि मूळ कारण शोधायला जास्त वेळ गेला असता.

लाल पडद्यावरून मागे येऊन इन्स्टॉलरच्या मुख्य यादीतील ग्रबची पायरी पुन्हा करता आली असती. आता यंत्र बंद केलेच आहे, तर त्याच पेनड्राइव्हवरून बूट करा, प्रगत पर्यायांमध्ये जा आणि तिथला रेस्क्यू मोड निवडा. भाषा, कीबोर्ड, नेटवर्क असे नेहमीचे प्रश्न पुन्हा येतील. त्यांनी गोंधळून जाऊ नका, डिस्कवर काही पुसले जात नाही. त्यानंतर मूळ विभाग (प्रणाली जिथे बसवली तो) कोणता ते विचारले जाईल. तिथे आतल्या डिस्कचा विभाग द्या, बहुधा एसडीबी१. चुकीचा विभाग दिला तर पुढे जाता येत नाही, इतकेच. मग येणाऱ्या यादीत ग्रब पुन्हा बसवण्याचा पर्याय आहे, आणि इथे मात्र आकड्याशिवाय, म्हणजे नुसते एसडीबी असे संपूर्ण डिस्कचे नाव टाइप करायचे आहे.

नावाबद्दल शंका असल्यास त्याच यादीतून शेल (कमांड टाइप करण्याची जागा) उघडून डिस्कांची यादी देणारी एलएसबीएलके ही कमांड चालवा आणि आकार पाहा. १६० जीबीची डिस्क तिथे साधारण १४९ अशी दिसेल, कारण मोजण्याचे एकक वेगळे आहे. पेनड्राइव्हचा आकार तुम्हाला ठाऊकच असेल. पेनड्राइव्ह काढल्यावर आतली डिस्क पुन्हा एसडीए होईल, तरी त्याने काही बिघडत नाही. डेबियन विभागांची नोंद या नावांनी न करता यूयूआयडीने, म्हणजे प्रत्येक विभागाच्या स्वतंत्र ओळखक्रमांकाने, ठेवते.

प्रश्नकर्ता

रेस्क्यू मोडमधून ग्रब बसला. एलएसबीएलकेमध्ये पेनड्राइव्हच एसडीए होता आणि १४९.१ची डिस्क एसडीबी म्हणून दिसत होती. पेनड्राइव्ह काढून यंत्र सुरू केले आणि एलएक्सडीई थेट उघडले. वायफायही कोणतीही वेगळी खटपट न करता जोडले गेले. ब्राउझरमध्ये दोन-तीन पाने एकदम उघडली की यंत्र स्वॅपवर जाऊन (रॅम अपुरी पडल्याने डिस्क वापरून) मंदावते, परंतु लेखनासाठी अडचण नाही.

एक शेवटची शंका. हा पेनड्राइव्ह आता विंडोजमध्ये अगदी लहान आकाराचा दिसतो आहे. तो बिघडला काय?

दुसरा प्रतिसाद देणारे

बिघडलेला नाही. डीडीने आयएसओचीच विभागरचना त्यावर जशीच्या तशी उतरवली आहे आणि विंडोज तिच्यातला ओळखीचा तेवढाच तुकडा दाखवते. विंडोजच्या डिस्कपार्ट या डिस्कांचे विभाग हाताळणाऱ्या प्रोग्राममध्ये पेनड्राइव्हची डिस्क निवडून क्लीन ही कमांड द्या आणि नव्याने एकच विभाग तयार करा. आकार पूर्ववत होईल. निवड करण्यापूर्वी डिस्कचा क्रमांक आकाराशी ताडून पाहा, कारण क्लीन कोणतीही खातरजमा न करता निवडलेली डिस्क रिकामी करते. बायोसमध्येही आता आतली डिस्क पहिल्या क्रमांकावर आणून ठेवा, म्हणजे एखादा पेनड्राइव्ह चुकून लावलेला राहिला तरी यंत्र त्यावरून बूट होण्याचा प्रयत्न करणार नाही.