मदत हवी आहे: जर्मन गिऱ्हाइकाची सस्टेनेबिलिटी प्रश्नावली आणि आपले छोटे जॉबवर्कवाले

वेर्णा_खरेदी:
नमस्कार मंडळी. वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यासाठी विचारतोय. माल म्हणजे विजेच्या पॅनेलच्या पत्र्याच्या पेट्या, ब्रॅकेट आणि सोबत बोल्ट-नटांचे संच. जर्मनीतल्या गिऱ्हाइकाने ऐंशीएक प्रश्नांची एक्सेल फाइल पाठवली आहे आणि ‘तुमच्या पुरवठादारांकडूनही हीच भरून घ्या’ म्हणतात. त्यात हेक्साव्हॅलंट क्रोम (सहा संयुजेचा, विषारी क्रोमियम) नसल्याचं लेखी, दर किलो मालामागे कार्बन, घातक कचऱ्याची विल्हेवाट, कंत्राटी कामगारांचे हक्क असं सगळं आहे.

पुरवठादार असे: सीआरसी (कोल्ड रोल्ड) पोलादी पत्रा महिन्याला साधारण ४० टन, दोन डीलरकडून. झिंक प्लेटिंग दोन छोट्या युनिटांत. पावडर कोटिंग एकाकडे. बिजागऱ्या आणि हँडल यांचं ॲल्युमिनियम डायकास्टिंग बेळगावहून. बाकी खोके, लाकडी पॅलेट, लेबलं वगैरे.

प्रश्नावली पाठवली तर प्लेटिंगवाला न वाचता सगळीकडे ‘हो’ करून सही मारून परत देतो. डीलर उत्तरच देत नाही. सुरुवात कुठून करायची? आणि ते सीबीॲम (आयात मालावरचा युरोपियन युनियनचा कार्बन शुल्काचा नियम) आपल्याला लागतं का? पुण्याच्या एका लिस्टेड कंपनीनेही असाच फॉर्म पाठवलाय, तो बंधनकारक आहे का?

झिंक_झिंक:
ती फाइल पुरवठादारांना पाठवूच नका. ‘हो’वर सही घेऊन हातात काहीच येत नाही, उलट उद्या गिऱ्हाइकाने नमुना तपासला तर ती सही तुमच्याच गळ्यात.

पहिला धोका प्लेटिंगमध्ये आहे, आणि तो शोधायला आधी स्वतःची ड्रॉइंग काढा. जुन्या ड्रॉइंगवर ‘झिंक प्लेटेड, यलो पॅसिव्हेटेड’ असं लिहिलेलं असतं. हे पिवळं पॅसिव्हेशन (झिंकवरचा गंजरोधक थर) परंपरेने हेक्स, म्हणजे हेक्साव्हॅलंट क्रोमचंच. म्हणजे प्लेटिंगवाला तुम्ही मागितलं तेच देतोय. आधी ड्रॉइंगची नवी रिव्हिजन काढा आणि त्यावर लिहा: आयएसओ २०८१ प्रमाणे झिंक, जाडी किमान ८ मायक्रॉन, ट्रायव्हॅलंट (तीन संयुजेच्या क्रोमचं) पॅसिव्हेशन, हेक्स क्रोम नको, आणि आयएसओ ९२२७ च्या मीठ-फवाऱ्यात इतक्या तासांपर्यंत पांढरा गंज नको. तासांचा आकडा न लिहिता नुसतं ‘ट्रायव्हॅलंट’ लिहिलंत तर सर्वांत पातळ निळसर थर मिळेल. ‘पिवळाच रंग हवा’ असा हट्ट ठेवलात तर प्लेटिंगवाला एकतर ट्रायव्हॅलंटवर पिवळा डाय मारेल, नाहीतर गुपचूप जुन्या टाकीत बुडवेल. नुसत्या नजरेने दोन्हींतला फरक कळणार नाही.

तपासणी कशी? एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू ओळखणारं) मशीन एकूण क्रोमियम दाखवतं, तो तीनचा की सहाचा ते सांगत नाही. ट्रायव्हॅलंटमध्येही क्रोम असतोच, त्यामुळे एक्सआरएफचा रिपोर्ट इथे निकामी. लॅबला आयईसी ६२३२१-७-१ ची चाचणी मागा. यात ५० चौरस सेंमी पृष्ठभागाचे नग ५० मिली उकळत्या पाण्यात १० मिनिटं ठेवतात आणि मग डायफेनिलकार्बाझाइड घालून रंग मोजतात. निकाल दर चौरस सेंमीला मायक्रोग्रॅममध्ये येतो. ०.१० च्या खाली असेल तर नाही, ०.१३ च्या वर असेल तर आहे, मधलं संदिग्ध. रिपोर्टवर ‘पीपीएम’ दिसलं तर लॅबला विचारा की इतका पातळ थर वेगळा काढून तोलला कसा.

आवक तपासणीला त्याच रसायनाचे स्वॅब किट पुरतात, जांभळट झालं की लॉट थांबवायचा. वर सीलर (शेवटचा संरक्षक लेप) असेल तर आधी बारीक एमरीने हलकं घासा, नाहीतर खोटं ‘नाही’ मिळेल.

प्लेटिंगच्या शॉपमध्ये जाऊन बघण्याची गोष्ट एकच: हेक्स आणि ट्रायव्हॅलंटच्या टाक्या एकाच लाइनवर आहेत का आणि बॅरल-रॅक दोन्हीकडे तेच फिरतात का. तसं असेल तर बॅरलला चिकटून आलेलं हेक्स ट्रायव्हॅलंट टाकीत उतरतं. टाकी नवीन, रसायन नवीन, तरी चाचणी फेल, याचं कारण बहुतेक वेळा हेच.

कागद_आधी:
झिंक_झिंक यांनी प्लेटिंगचं सांगितलं, पण पावडर कोटिंगवाल्याला विसरू नका. सात टाक्यांच्या प्रीट्रीटमेंटमध्ये (रंगाआधीच्या प्रक्रियेत) फॉस्फेटिंगनंतर शेवटची ‘पॅसिव्हेशन’ची टाकी असते, तिच्यात पुष्कळ ठिकाणी अजून क्रोमिक ॲसिड असतं. ॲल्युमिनियमच्या भागांना पिवळं क्रोमेट कन्व्हर्जन करत असतील तर तेही हेक्सच. शिवाय पिवळ्या-केशरी छटांच्या स्वस्त पावडरीत लेड क्रोमेट असू शकतं. पावडरच्या बॅचचा एसडीएस (सुरक्षा माहितीपत्रक) आणि टाकीत घालायच्या रसायनाच्या ड्रमचं लेबल यांचे फोटो घ्या, दहा मिनिटांचं काम.

आता कचरा आणि परवाने. प्रत्येक प्लेटर-कोटरकडून गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कन्सेंट टू ऑपरेटची (युनिट चालवण्याच्या परवानगीची) पूर्ण प्रत घ्या, पहिलं पान नव्हे. त्यात बघायचं: प्लॉट नंबर तोच आहे का, मुदत, प्रक्रियेत ‘प्लेटिंग’ असा उल्लेख आहे का, आणि मंजूर क्षमता. कागदावर असेंब्ली आणि शेडमध्ये निकेलची टाकी असं असेल तर पुढचं काही विचारण्यातच अर्थ नाही.

मग घातक कचरा नियम २०१६. फॉर्म ३ ची नोंदवही, फॉर्म ४ चं वार्षिक विवरण (३० जूनपर्यंत भरायचं असतं) आणि फॉर्म १० चे मॅनिफेस्ट (कचरा नेल्याच्या पावत्या). कचरा साधारण ९० दिवसांहून जास्त साठवता येत नाही. नियमांच्या यादीत प्लेटिंगचा गाळ १२.८ मध्ये, फॉस्फेटचा १२.५ मध्ये, रिकामे रसायनाचे ड्रम ३३.१ मध्ये. गोव्यात पिसुर्लेला सामायिक सुविधा आहे, त्यामुळे ‘नेणारं कोणी नाही’ ही सबब आता चालत नाही.

खरी तपासणी बेरीज-वजाबाकीची. वर्षभर टनावारी माल प्लेट केला, ईटीपी (सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा) चालू आहे, पण गाळाचं एकही मॅनिफेस्ट नाही? मग ईटीपी चालत नाही किंवा गाळ ओहोळात जातोय. चुन्याची खरेदी बिलं मागितली तरी कळतं. आणि गाळ भंगारवाल्याला ‘विकला’ असं उत्तर आलं तर त्या युनिटला काम देणं थांबवा, कारण मंडळाने त्यांची वीज तोडली तर तुमची डिलिव्हरीही तिथेच अडकणार.

वेर्णा_खरेदी:
कागद_आधी ताई, झिंक_झिंक, खूप उपयोगी. ड्रॉइंगवर खरंच ‘यलो’ आहे! एक प्लेटर बदलायला तयार आहे, पण म्हणतो ट्रायव्हॅलंटला पावसाळ्यात आठवड्यात पांढरी भुकटी येते, मग तुम्हीच माल परत पाठवाल. खरं आहे का?

झिंक_झिंक:
अर्धं खरं. हेक्सचा थर ओरखडा पडला तरी थोडा स्वतः भरून येतो, ट्रायव्हॅलंट तसा येत नाही, त्यामुळे हाताळणीची शिस्त लागते. उलट वाळवताना ७० अंशांच्या वर गेलं की हेक्सचा थर तडकतो, ट्रायव्हॅलंट उष्णता जास्त सोसतो. ही त्याची जमेची बाजू.

पांढरी भुकटी येण्याची आपल्याकडची कारणं ठरलेली आहेत. जाड थराच्या ट्रायव्हॅलंटला टाकी साधारण ६० अंश आणि पीएच दोनच्या आसपास लागतो (नेमका आकडा रसायनवाल्याच्या टीडीएसमध्ये, म्हणजे तांत्रिक माहितीपत्रकात). छोट्या शॉपमध्ये हीटर बंद ठेवून वीज वाचवतात. दुसरं, पडलेले बोल्ट टाकीतून काढत नाहीत, लोखंड विरघळून साठतं आणि थर कमजोर होतो. तळाला चुंबक फिरवून रोज पडीक माल काढायला लावा. तिसरं, शेवटच्या धुण्याला बोअरचं खारट पाणी. चौथं, माल ओला असतानाच गोणीत. जून ते सप्टेंबर गोव्यात गोणीत कोंडलेल्या ओल्या झिंकचं दुसरं काय होणार? सेंट्रिफ्युज ड्रायर, सीलर, मग व्हीसीआय (गंज रोखणारी) पिशवी, खोक्याऐवजी झाकणाचे प्लास्टिक क्रेट. ड्रॉइंगवर सीलरसह ९६ तास मागा, म्हणजे वाद होणार नाही.

आणि १२.९ वर्गाचे (अतिशय मजबूत पोलादाचे) बोल्ट असतील तर ते इलेक्ट्रोप्लेटिंगला पाठवूच नका, हायड्रोजनने ठिसूळ होतात. झिंक-फ्लेक (वीज न वापरता दिलेला झिंकच्या कणांचा लेप) घ्या.

युनिट_मोजा:
कार्बनवर. सगळ्यांना सारखा वेळ देऊ नका. समजा पावडर कोटिंगवाल्याचं महिन्याचं वीज बिल १२,००० युनिट आणि एलपीजीचे १९ किलोचे ६० सिलिंडर. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा २०२३-२४ चा ग्रिडचा सरासरी गुणांक युनिटला ०.७२७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे ८,७२४ किलो. एलपीजी १,१४० किलो, किलोला सुमारे ३ किलो धरा, ३,४२० किलो. एकूण १२,१४४. त्याने महिन्यात ९,००० चौरस मीटर रंगवलं आणि त्यातलं तुमचं १,२०० असेल तर तुमचा वाटा सुमारे १.६ टन. वाटणी क्षेत्रफळावर करा, वजनावर नको, नाहीतर जाड ब्रॅकेटवाल्याच्या डोक्यावर पातळ पेटीवाल्याचा गॅस बसतो. प्लेटिंगला रेक्टिफायरचे अँपिअर-तास हा आधार चांगला. जनरेटर चालत असेल तर डिझेल लिटरला २.६८ किलो.

आता पत्रा बघा. पोलाद मंत्रालयाच्या डिसेंबर २०२४ च्या हरित पोलाद वर्गीकरणात तयार पोलादाला टनामागे उत्सर्जन २.२ टनांहून कमी असेल तरच ‘हरित’ म्हणतात. म्हणजे तुमचा ४० टन पत्रा हरित ठरला असता तरी ८८ टनांपर्यंत जाऊ शकतो, आणि ब्लास्ट फर्नेसचा साधा पत्रा त्याहून वरच. पावडर कोटिंगच्या दीड टनावर महिनाभर घालवून डीलरला एक फोन न करणं हा उलटा हिशेब आहे.

डीलरला प्रश्नावली नको, फक्त पोलाद गिरणीची टीसी (चाचणी प्रमाणपत्र) हवी, हीट नंबर (ओतकामाच्या खेपेचा क्रमांक) आणि कॉइल नंबरसकट. अडचण अशी की डीलरकडे कॉइल कापली की स्टिकर कॉइलबरोबर जातो आणि तुमच्या गठ्ठ्यावर काहीच उरत नाही. पीओवर (खरेदी ऑर्डरवर) अट घाला: प्रत्येक गठ्ठ्यावर पेंट मार्करने हीट नंबर, एका गठ्ठ्यात एकच हीट. टीसीची झेरॉक्स सगळ्या मालाला जोडून पाठवणारे डीलर असतात, म्हणून टीसीवरची जाडी आणि रुंदी मालाशी ताडून बघा. गिरणी कळली की तिचा कार्बनचा आकडा पुष्कळदा जाहीर असतो.

बेळगावच्या डायकास्टरला विचारा की इनगॉट (ओतायची लगड) कुठला. एडीसी-१२ हे डायकास्टिंगचं मिश्रधातू सहसा भंगारातून बनतं आणि त्याला प्राथमिक ॲल्युमिनियमच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते. इनगॉटच्या टीसीवर हे दाखवता आलं तर तुमचा आकडा एकदम खाली येतो.

सीबीॲम: १ जानेवारी २०२६ पासून पक्का टप्पा लागू आहे. तयार पॅनेल (सीमाशुल्क कोड ८५३७) आणि त्याचे भाग (८५३८) आज यादीत नाहीत. पण बोल्ट ७३१८ मध्ये आणि सुटे पोलादी ब्रॅकेट ७३२६ मध्ये गेले तर दोन्ही यादीत आहेत. तुम्ही स्पेअर संच वेगळ्या बीजकावर पाठवता का, ते तपासा. ५० टनांची वार्षिक सूट आयातदाराच्या एकूण आयातीवर मोजतात, एकट्या तुमच्या मालावर नाही. आकडा दिला नाही तर त्यांना वाढीव ठरावीक मूल्य लावावं लागतं, म्हणून ते मागे लागलेत. पोलादाला सध्या फक्त थेट उत्सर्जन धरतात, वीज नाही. ॲल्युमिनियमलाही तसंच. म्हणून सीबीॲमचा तक्ता आणि गिऱ्हाइकाच्या ‘दर किलो कार्बन’चा तक्ता वेगळे ठेवा, एकाचा आकडा दुसऱ्यात गेला की सगळं चुकतं.

जमाखर्च_फोंडा:
पुण्याच्या फॉर्मबद्दल. सेबीच्या मार्च २०२५ च्या परिपत्रकानंतर लिस्टेड कंपन्यांना मूल्य साखळीची (पुरवठादार आणि गिऱ्हाइकांची) माहिती देणं ऐच्छिक आहे, आणि तेही ज्यांचा खरेदी किंवा विक्रीत २ टक्के किंवा जास्त वाटा आहे अशांचंच. त्यांना सरळ विचारा, आम्ही त्या २ टक्क्यांत आहोत का. नसाल तर वीज, पाणी, कचरा यांचं एक पान पुरेल.

कामगारांसाठी पीएफचा ईसीआर (कामगारवार मासिक विवरण) आणि ईएसआयसीचं चलन घ्या आणि शेडमधली डोकी मोजा. कागदावर नऊ आणि लाइनवर बावीस असतील तर कंत्राटदाराचं चलन वेगळं मागा.

आणि एक कटू गोष्ट. छोट्या प्लेटरला हीटर, सीलर, चाचण्या सगळं करायला सांगायचं आणि बिल तीन महिने अडकवायचं, हे जमणार नाही. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे, असं एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्याचं कलम १५ सांगतं. उशीर झाला तर तो खर्च प्राप्तिकरात त्या वर्षी वजाही मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देता त्या वर्षी मिळतो. ट्रायव्हॅलंटचा किलोमागे जास्तीचा दर आधी ठरवून पीओवर वेगळी ओळ म्हणून दाखवा. दरात न दाखवता मागितलेली गोष्ट चवथीच्या गर्दीत सर्वांत आधी गळते.

वेर्णा_खरेदी:
देव बरें करूं सगळ्यांचं. ड्रॉइंगची रिव्हिजन आणि डीलरच्या पीओची अट या दोन गोष्टी आधी धरतो. शेवटचा प्रश्न: पिवळ्या पॅसिव्हेशनचे बोल्ट-ब्रॅकेट गोदामात बरेच आहेत. स्ट्रिप करून (जुना थर काढून) पुन्हा प्लेट करावेत का?

झिंक_झिंक:
बोल्ट नको. ॲसिडमध्ये स्ट्रिप करताना आट्यांचं माप जातं आणि ते हेक्सचं पाणी पुन्हा प्लेटरच्याच ईटीपीत येतं. त्यांना वेगळा पार्ट नंबर द्या, पिवळं लेबल लावा, वेगळ्या रॅकवर ठेवा आणि ज्या देशी ऑर्डरमध्ये अट नाही तिथेच वापरा. ब्रॅकेट मोठे आणि महागाचे असतील तरच स्ट्रिप करा, आणि ते काम देण्याआधी प्लेटरच्या कन्सेंटमध्ये हेक्स क्रोमच्या सांडपाण्याची प्रक्रिया आहे का ते ताईंनी सांगितल्याप्रमाणे बघा. ईआरपीत जुन्या रिव्हिजनचा नंबर आजच ब्लॉक करा, नाहीतर स्टोअरवाला रात्रपाळीत दोन्ही रॅकमधून एकाच संचात माल भरेल.